‘नंतर सांगतो’: सदुसष्ट वर्षांच्या एका कर्णबधिर आजींचं प्रकरण

मानसिक उपचारांसाठी आमच्याकडे रुग्ण पाठवताना डॉक्टरांनी लिहिलेली चिठ्ठी पाच ओळींची होती. ‘स्त्री, वय ६७, मूकबधिर. चार महिन्यांपूर्वी पती वारले. रात्री एकट्याच बसून हातवारे करतात. उजव्या हाताचं बोट पुन्हा पुन्हा भुवईवर नेतात, हालचाल निरर्थक. स्मरणशक्तीच्या चाचणीत ३० पैकी ११ गुण. स्मृतिभ्रंशाचा संशय, भासांची शक्यता. रात्रीसाठी भासांवरचं औषध सुरू केलं आहे.’

अशा चिठ्ठीत काय लिहिलंय त्याआधी मी काय लिहिलेलं नाही ते शोधते. तपासणी कोणत्या भाषेत झाली आणि मध्ये दुभाषी कोण होतं, याचा पाच ओळींत कुठेही पत्ता नव्हता. ‘मूकबधिर’ हा शब्द मात्र होता. तो कर्णबधिर लोकांनी केव्हाच टाकून दिलाय, कारण ते मुके नसतात. त्यांचं बोलणं आपल्याला कळत नाही, एवढंच.

हे प्रकरण कुणा एकाच व्यक्तीचं जसंच्या तसं नाही. वेगवेगळ्या रुग्णांकडून शिकलेले धागे एकत्र विणून ते मांडलंय. बाईंना इथे आजी म्हणते. त्या ‘म्हणाल्या’ असंच लिहिणार आहे. हातांनी म्हणणं हेही म्हणणंच असतं.

पहिली भेट

आजींबरोबर त्यांचा मुलगा आला. चाळिशीतला, ऐकू येणारा. मी दुभाषी बोलवायचं म्हणाले तर तो जरा दुखावलाच. “मॅडम, दुभाषी कशाला? आठ वर्षांचा असल्यापासून मीच करतोय.” बँक, दवाखाना, घरमालक, सगळीकडे तोच. शाळेतून आलेल्या स्वतःच्या तक्रारीसुद्धा आईबाबांना त्यानेच सांगितल्या. त्यातल्या निम्म्या गाळून, हे त्याने हसत कबूल केलं.

मला सांकेतिक भाषा कामापुरती येते. तिच्यातून उपचार करावेत एवढी नाही, पण चूक पकडण्याएवढी येते. बोलणं चालू झालं. थोड्या वेळाने मी नेहमीचा प्रश्न विचारला: “जगण्यात काही अर्थ उरला नाही, मरून जावं, असं मनात येतं का?” मुलाने माझ्याकडे पाहिलं, क्षणभर थांबला आणि आईकडे वळून हातांनी विचारलं, “रात्री झोप लागते का?”

आजींनी मान हलवली. नाही.

“नाही म्हणतेय,” तो मला म्हणाला.

तेवढ्यावर माझ्या कागदावर ‘आत्महत्येचे विचार: नाहीत’ अशी नोंद झाली असती आणि पुढच्या प्रत्येक डॉक्टरने ती खरी धरली असती. मी मुलाखत तिथेच थांबवली. त्याचा मला राग आला नाही. चार महिन्यांपूर्वी वडील गेलेल्या कुठल्या मुलाने हा प्रश्न आईला स्वतःच्या हातांनी विचारावा? चूक होती ती प्रश्न त्याच्या हातात देणाऱ्याची. त्या दिवशी ती मीच होते.

आणखी एक चूक माझ्या टिपणात सापडते. ‘अस्वस्थ. सारखी खुर्ची हलवतात.’ असं मी त्या दिवशी लिहून ठेवलं होतं. त्याकडे नंतर येते.

दुसरी भेट

या वेळी दोन दुभाषी होते. एक ऐकू येणारी, प्रशिक्षित. दुसरा आमचा सहकारी, स्वतः कर्णबधिर, समुपदेशक. दोघं कशाला, असा प्रश्न हिशेब तपासणारे दरवेळी विचारतात. आजींची भाषा पन्नास-साठ वर्षांपूर्वीच्या वसतिगृहातली होती. तिच्यात नवरा-बायकोने घरात घडवलेल्या कितीतरी खुणा मिसळलेल्या होत्या. प्रशिक्षण केंद्रात शिकलेल्या दुभाषीला त्यातलं बरंच हुकतं. जन्मभर त्या भाषेत राहिलेल्या माणसाला हुकत नाही. वेळ दुप्पट लागतो. तो लागणारच.

झोपेचा प्रश्न झाला, भुकेचा झाला. मग सहकाऱ्याने मरणाचा प्रश्न सरळ, खाली न पाहता विचारला. आजी म्हणाल्या, “रोज येतं मनात. पण काही करणार नाही. सकाळी उठते, मग दिवसभर काय करायचं ते कळत नाही.”

मग त्यांचं बोट भुवईवर गेलं.

सहकाऱ्याने विचारलं, हे कोण? आजींचा चेहरा चार महिन्यांत पहिल्यांदा उजळला असावा. ते त्यांच्या नवऱ्याचं नाव होतं. कर्णबधिर माणसांना आपापसात सांकेतिक नावं असतात. ती समाजाने दिलेली असतात, बहुतेकदा रूपावरून, सवयीवरून किंवा एखाद्या खोडीवरून. आजोबांची भुवई लहानपणी खेळताना फाटली होती, तेव्हापासून भुवईवरची तिरकी रेघ हेच त्यांचं नाव. चिठ्ठीतली ‘निरर्थक हालचाल’ म्हणजे नवऱ्याला मारलेली हाक होती.

रात्रीच्या हातवाऱ्यांचं काय? “त्यांच्याशी बोलते. दिवसभराचं सांगते.” ते उत्तर देतात का? आजींनी सहकाऱ्याकडे अशा नजरेने पाहिलं की तो ओशाळला. “मेलेत ते. उत्तर कसं देतील?”

कर्णबधिर माणसाला भास होतच नाहीत, असं मात्र नाही. खरा मनोविकार त्यांनाही होतो. ‘आवाज’ म्हणजे त्यांच्या बाबतीत नेमकं काय, यावर ब्रिटनमध्ये या शतकाच्या पहिल्या दशकात चांगलं काम झालं. जन्मापासून ऐकू न येणाऱ्या काही रुग्णांनी ध्वनीऐवजी अंधुक हलणारे ओठ किंवा हात यांचा अनुभव सांगितला. म्हणून ‘आवाज ऐकू येतात का’ हा प्रश्न त्यांना विचारून उपयोग नसतो. जो विचारायचा तो त्यांच्या भाषेत, फिरवून, तपासून विचारावा लागतो. आजींना आम्ही तो चार प्रकारे विचारला. भास नव्हते.

हातवारे वेडाच्या खात्यात जमा झाल्याची किंमत कुठवर जाऊ शकते, ते पाहायचं तर अमेरिकेच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या ज्युनियस विल्सन यांचं उदाहरण आहे. हा कर्णबधिर कृष्णवर्णीय तरुण १९२५ साली एका आरोपावरून पकडला गेला. त्याच्या शाळेतली सांकेतिक भाषा कुणालाच कळत नव्हती. त्याला वेडा ठरवलं, मनोरुग्णालयात ठेवलं, शस्त्रक्रिया करून नपुंसक केलं. आरोप मागे घेतल्यावरही कितीतरी वर्षं तो आतच राहिला. २००१ साली तो वारला तोही त्याच संस्थेच्या आवारात. शेवटची काही वर्षं वेगळ्या घरात, एवढाच फरक.

अकरा गुण कुठून आले

मूळ चाचणीचा कागद मागवला. तोंडपट्टी लावलेल्या परीक्षकाने प्रश्न बोलून विचारले होते, जमले नाहीत तेव्हा लिहून दाखवले होते, आणि मधेमधे नात मदतीला होती. वय ११. नातीला आजीची भाषा जेवण, झोप, चल, थांब एवढीच येते. ‘मी म्हणते ते वाक्य जसंच्या तसं म्हणा’ हा प्रश्नही आजींना विचारलेला होता, आणि त्याला शून्य होतं. शून्यच मिळणार.

‘मनाने एक वाक्य लिहा’ याखाली आजींनी लिहिलं होतं: ‘नवरा मेला मी घर मुलगा दिवा नाही.’ बाजूला शेरा: ‘वाक्यरचना विस्कळीत. विचारांत विसंगती?’

सहकाऱ्याने कागद हातात घेतला आणि एका दमात वाचलं: “नवरा गेल्यापासून मी मुलाच्या घरी राहते, तिथे उजेड नाही.”

सांकेतिक भाषेचं व्याकरण वेगळं असतं. विभक्तीचे प्रत्यय तिथे जागेने, नजरेने, हाताच्या दिशेने दाखवतात. १९६० मध्ये अमेरिकेत विल्यम स्टोकी यांनी दाखवून दिलं की या नुसत्या खाणाखुणा नाहीत, स्वतःची रचना असलेली भाषा आहे. ज्याची पहिली भाषा ती आहे, त्याला लेखी भाषा परकी असते, आणि कानावर न पडलेली परकी भाषा शिकणं फार अवघड. अशा माणसाचं लेखन वाचून विचारांचा विकार किंवा मेंदूतला बिघाड शोधणं ही या क्षेत्रातली जुनी, पुन्हा पुन्हा होणारी चूक आहे.

चाचणीचे प्रश्न नुसते हातांनी विचारले तरी भागत नाही. एखादी खूण वस्तूकडेच बोट दाखवते, मग आठवणीची कसोटी राहतच नाही. एखादी इतकी लांबते की प्रश्नच बदलतो. ब्रिटिश सांकेतिक भाषेत वयस्क कर्णबधिरांसाठी मुळापासून बांधलेली चाचणी २०१५ साली प्रसिद्ध झाली, किती गुण म्हणजे ठीक याची प्रमाणंही कर्णबधिरांवरच काढलेली. दुसऱ्या सांकेतिक भाषेसाठी ते आकडे उचलता येत नाहीत. आम्ही अकरा गुण बाजूला ठेवले आणि रोजचं वागणं पाहिलं. आजी औषधं आपली आपण घेत होत्या, तारीख सांगत होत्या. मुलाने पगाराबद्दल मारलेली थाप त्यांनी आकड्यानिशी पकडली होती.

मग ‘उजेड नाही’. आजींनी दुसऱ्या भेटीतही आल्या आल्या खुर्ची हलवली, आणि या वेळी कारण विचारायला माणूस होता. माझ्या पाठीमागे खिडकी होती. उजेड मागून आला की बोलणाऱ्याचा चेहरा नि हात काळे दिसतात. ‘अस्वस्थ’ आजी फक्त मला ‘ऐकायचा’ प्रयत्न करत होत्या. नेत्रतपासणीत दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू निघाला. मैत्रिणींचे व्हिडिओ कॉल त्यांनी बंद केले होते, त्याला घरच्यांनी ‘मन उडालंय’ म्हटलं होतं. मन उडालं होतंच, पण त्याआधी फोनच्या छोट्या पडद्यावर मैत्रिणीची बोटं दिसेनाशी झाली होती. ऐकू येणाऱ्या माणसाला म्हातारपणी मोतीबिंदू झाला तर धूसर दिसतं. कर्णबधिर माणसाला झाला तर समोरच्याचं बोलणं अर्धं गळतं.

औषधाची गोष्टही तशीच. सहकारी पहिल्याच दिवशी म्हणाला, “यांचं बोलणं जड झालंय. जीभ जड व्हावी तसं.” ऐकू येणाऱ्या दुभाषीला ते वयामुळे वाटलं होतं. भासांवरच्या औषधांनी स्नायू ताठरतात, हात कापतात, चेहरा थिजतो. आणि या भाषेत भुवया, गाल, ओठ हे व्याकरणाचे भाग आहेत. म्हणजे न झालेल्या भासांवरच्या औषधाने असलेली वाचा चालली होती. स्मृतिभ्रंश असलेल्या वृद्धांत या औषधांनी मृत्यूचा धोका वाढतो, असा ठळक इशारा अमेरिकेच्या औषध नियामकाने २००५ मध्येच दिलेला आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी औषध उतरवत नेऊन बंद केलं. तीन आठवड्यांनी आजींचे हात मोकळे झाले आणि मग त्या सुटल्याच. दोन्ही दुभाषी घामाघूम.

आजींनी सांगितलेलं

दोन वर्षांच्या असताना मेंदूज्वर झाला, त्यात कान गेले. घरात सगळे ऐकणारे. नव्वद टक्क्यांहून अधिक कर्णबधिर मुलं ऐकणाऱ्या आईबापांच्याच पोटी जन्मतात, तेव्हा यात वेगळं काही नव्हतं. वेगळं नव्हतं म्हणून सोपं होतं असं नाही. सातव्या वर्षापर्यंत त्यांना एकही पूर्ण भाषा मिळाली नाही. पहिल्या काही वर्षांत भाषा मिळाली नाही तर पुढे नुसते शब्दच कमी पडत नाहीत. ‘का’ आणि ‘मग’ यांनी जोडलेलं जग उशिरा उभं राहतं, स्वतःच्या भावनांना नाव देणंही.

सातव्या वर्षी निवासी शाळा. वर्गात ओठवाचन आणि बोलण्याचा सराव. हात हलले तर हातावर पट्टी. हे त्या शाळेपुरतं नव्हतं. १८८० साली इटलीतल्या मिलानला भरलेल्या कर्णबधिर शिक्षणाच्या आंतरराष्ट्रीय परिषदेने शाळांतून सांकेतिक भाषेपेक्षा मौखिक पद्धत श्रेष्ठ ठरवली. तिथे जमलेल्या १६४ जणांत कर्णबधिर एक होता. त्या ठरावांबद्दल त्याच परंपरेतल्या परिषदेने खेद व्यक्त केला तो २०१० मध्ये, कॅनडातल्या व्हँकुव्हरला. मधली एकशे तीस वर्षं आजींसारख्यांच्या पिढ्यांची. पण रात्री वसतिगृहात दिवे मालवले की मोठ्या मुली खिडकीशी जमायच्या, आणि तिथे आजी बोलायला शिकल्या. “वर्गात मी मठ्ठ होते, खिडकीत हुशार.”

नवव्या वर्षी सुट्टीत घरी आल्या तर त्यांची आजी घरात नव्हती. विचारलं, तर कुणी वर बोट दाखवलं, कुणी डोळे पुसले, आई म्हणाली: नंतर सांगते. त्यांना वाटलं, वरच्या मजल्यावर राहायला गेली. मरण म्हणजे काय ते दोन वर्षांनी शाळेत कळलं.

‘नंतर सांगते’, ‘काही नाही गं’, ‘तुझ्या कामाचं नाही’. कुठल्याही कर्णबधिर माणसाला विचारा, हे शब्द ओठांवर ओळखायला त्याला यंत्र लागत नाही. जेवताना सगळे हसतात, काय झालं म्हणून विचारावं तर नंतर सांगतो. तो ‘नंतर’ कधी येत नाही. त्याने लगेच आजार होत नाही. पण आपल्याच घरात पाहुण्यासारखं राहायची सवय होते, आणि अशा माणसाचं नैराश्य घरच्यांना ‘शांत स्वभाव’ वाटतं.

लग्न कर्णबधिर मुलाशी झालं. त्रेचाळीस वर्षं. त्यांना आजी ‘बोलण्याची वर्षं’ म्हणतात. भांडणं, राजकारण, शेजाऱ्यांच्या कुचाळक्या, सगळं हातांनी. घंटेच्या जागी दिवा. या मधल्या काळात त्यांना मानसिक तक्रार म्हणून काही नव्हती. कर्णबधिर असणं हा आजार असता तर ही चार दशकं समजावून सांगता आली नसती.

रुग्णालयात कुणीतरी मुलाला म्हटलं होतं, “बहिरेपणा असला की पुढे स्मृतिभ्रंश व्हायचाच.” श्रवणदोष हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येणारा एक धोका आहे, हे खरं, ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने तो यादीत धरलाय. पण तो अभ्यास मुख्यतः मध्यम वयात ऐकणं मंदावलेल्या, बोली भाषेत जगलेल्या लोकांचा. साठीत कान गेलेला माणूस जवळचं काहीतरी गमावतो. आजींचं दोन वर्षांच्या असताना जे गेलं त्याची त्यांना आठवणही नाही. त्यांचं जे गेलं ते चार महिन्यांपूर्वी: घरात बोलायला असलेलं एकमेव माणूस.

आणि ते कसं गेलं? अतिदक्षता विभागाबाहेर डॉक्टर मुलाशी बोलले. मिनिटभर. आजींनी बाही ओढून विचारलं, काय म्हणाले? मुलगा म्हणाला, बाबा आराम करतायत, नंतर सांगतो. दोन तासांनी त्यांनी चेहऱ्यावर ओढलेली चादर पाहिली.

काय केलं

निदान नैराश्याचं झालं, मध्यम तीव्रतेचं, जोडीला ताजा शोक. ‘लांबलेला शोक’ हे निदान जागतिक वर्गीकरणात किमान सहा महिन्यांनंतरच करता येतं, तेव्हा तो शिक्का घाईने मारला नाही. नैराश्यावरचं औषध कमी मात्रेत सुरू केलं. समुपदेशन दुभाषीमार्फत ठेवलं नाही, कर्णबधिर सहकाऱ्यानेच केलं, चौदा बैठका.

मोतीबिंदूच्या दोन्ही शस्त्रक्रियांआधी शस्त्रक्रियागृहातल्या लोकांना एक पान लिहून दिलं. सुई डाव्या हाताला लावा, उजवा मोकळा ठेवा. हात बांधू नका, ते तोंड बांधण्यासारखं आहे. डोळा झाकण्याआधी पुढे काय होणार ते सांगून घ्या. खांद्यावर दोनदा टिचकी म्हणजे ‘झालं’. पहिल्या वेळी सुई उजव्या मनगटातच लावली गेली. आजींनी ती काढायला लावली. हे मला फार आशादायक लक्षण वाटलं.

घरात दिवे वाढवले. सून वैतागली, “घर नाही, स्टुडिओ झालाय.” तिचंही खोटं नव्हतं, तिला झोपायला अंधार लागतो. नातीने पंधरा दिवसांत दीडशे खुणा उचलल्या आणि मग परीक्षा आल्यावर सोडून दिल्या. आजींना स्वतःच्या घरी परत एकटं राहायचं होतं, मुलाला ते मान्य नव्हतं. हा वाद अजून मिटलेला नाही. पंधरवड्यातून एकदा त्या जुन्या मैत्रिणींच्या गटात जातात. त्या दिवशी मात्र रात्री त्यांना झोप लागते.

एक संयुक्त बैठक सविस्तर सांगण्यासारखी आहे. आजींनी मुलाला विचारलं, “त्या दिवशी डॉक्टर नक्की काय म्हणाले होते?” मुलाने सवयीने दुभाषीकडे पाहिलं. दुभाषीने हात मांडीवर ठेवले. मग त्याने स्वतः सांगायला सुरुवात केली. मूत्रपिंडं बंद पडली, रक्तदाब उतरला, यंत्र लावायचं की नाही हे डॉक्टरांनी त्याला विचारलं, त्याने नको म्हटलं. अनेक वैद्यकीय शब्दांसाठी त्याच्याकडे खुणाच नव्हत्या. तो अडखळायचा, आजी खूण पुरवायच्या. चाळीस मिनिटं लागली. यंत्राबद्दल कळल्यावर आजी बराच वेळ त्याच्याकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “मला विचारायला हवं होतंस. मीही नकोच म्हटलं असतं.” तो रडला. त्याच्यासाठी वेगळा समुपदेशक पाहून दिला. आठव्या वर्षापासून आईबापांच्या वाईट बातम्या आधी स्वतः पचवून मग सांगणाऱ्या मुलाचा खर्च कुणीच मांडलेला नव्हता.

आज

आठ महिने झालेत. मन सावरलंय, वजन वाढलंय, मरणाचे विचार आठवड्यातून एखाद्या वेळी येतात. पण एक गोष्ट उघड लिहिते. गेल्या दोन भेटींत आजींनी तीच हकीकत दोनदा सांगितली, आणि सहकाऱ्याच्या मते त्या काही ओळखीच्या खुणा शोधत थांबतात. पहिली चिठ्ठी चुकीच्या वाटेने कदाचित थोडं बरोबर ठिकाणी पोचली असेल. ते कळायला आधीचं माप हवं, आणि अकरा हे माप नव्हतं. म्हणून आम्ही त्यांच्या संमतीने अर्ध्या तासाच्या गप्पा चित्रित करून ठेवल्यात. सहा महिन्यांनी तीच खोली, तोच उजेड, तेच दोन दुभाषी, तेच विषय.

पुढच्या भेटीच्या कागदावर आजींनी दोन अटी लिहायला लावल्यात: खिडकीला पडदा, आणि मुलगा आत नको. खाली मुलाने विचारून घेतलंय, बाहेर बसलो तर चालेल का. आजींनी त्यापुढे बरोबरची खूण केलीय.